अंगावर बाळगण्यासाठी बत्तीस बोअर: अशनी पिस्तूल, कानपूरचे रिव्हॉल्वर आणि निर्भीक

सैन्यातून निवृत्त होऊन सांगलीत स्थायिक झाल्यापासून शस्त्रपरवाना हातात पडलेली माणसे सल्ला विचारायला माझ्याकडे येतात. त्यांत मार्केट यार्डातले हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी असतात, पेट्रोल पंपाची रोकड बँकेत भरणारे असतात आणि विटा, खानापूर, आटपाडी या भागातून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी, म्हणजे ती गाळून शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी, देशभर गेलेल्या घरांतले लोक असतात. प्रश्न बहुधा एकच असतो, की लहान, परवडणारे आणि कपड्यांखाली दिसणार नाही असे कोणते शस्त्र घ्यावे. गेल्या काही वर्षांत ही शस्त्रे मी स्वतः हाताळली आहेत, काही बाळगली आहेत आणि त्यांवर इतरांचा सराव घेतला आहे. त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे.

निवड मुळातच थोडक्यांतून करायची असते. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप, आणि ९ एमएम हे काडतूस आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडते, त्यामुळे परदेशी चित्रफितींत दिसणारी बहुतेक लहान पिस्तुले सामान्य परवानाधारकासाठी बादच होतात. परदेशातून नवे पिस्तूल आणण्याची वाट १९८०च्या दशकापासून जवळजवळ बंद आहे, आणि त्यापूर्वी आलेली जुनी वॉल्थर किंवा ब्राउनिंग पिस्तुले एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर जाताना काही लाखांचा भाव घेतात. त्यांचे मॅगझिन, म्हणजे काडतुसे भरायची पेटी, हरवले किंवा स्प्रिंग बसली तर सुटा भाग शोधत फिरावे लागते, म्हणून ‘परवडणारे’ या अटीत ती बसत नाहीत. उरतात ती सरकारी कारखान्यांची शस्त्रे आणि अलीकडे परवाना मिळालेल्या मोजक्या खासगी उत्पादकांची. किमतीचा अंदाज बांधताना एक गोष्ट मात्र आधी लक्षात घ्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तूल आणि रिव्हॉल्वर यांच्यावरील जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे, त्यामुळे ओळखीच्या कोणी दोन वर्षांपूर्वी दिलेला आकडा आज उपयोगाचा नाही.

सर्वांत जास्त विचारणा होते ती अशनी या पिस्तुलाची. चपटी बांधणी हा त्याचा खरा गुण आहे. रिव्हॉल्वरचे सिलिंडर, म्हणजे काडतुसे भरायचा गोल फिरता भाग, कमरेवर जसा फुगवटा आणते तसा हे आणत नाही, आणि सदरा थोडा ढगळ असेल तर समोरच्याच्या लक्षातही येत नाही. काडतूस .३२ एसीपी, म्हणजे शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने १८९९ मध्ये घडवलेले जुने, सौम्य काडतूस असल्यामुळे धक्का कमी बसतो आणि नवख्याचाही नेम लवकर सुधारतो. तक्रार आहे ती दुसऱ्याच दोन गोष्टींबद्दल.

पहिली गोष्ट स्लाइडची, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाची. या जातीच्या पिस्तुलात गोळी सुटेपर्यंत स्लाइडला अडकवून धरणारी कोणतीही खाच नसते. स्लाइडचे स्वतःचे वजन आणि स्प्रिंगचा जोर एवढ्यावरच सारे काम चालते. साहजिकच स्प्रिंग ताठ असते. साठीच्या पुढच्या किंवा संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला ती स्लाइड मागे खेचताना मी अनेकदा धडपडताना पाहिले आहे. अर्धवट मागे नेऊन सोडलेली स्लाइड काडतूस नळीत नीट बसवत नाही, आणि ज्याला शांतपणे टेबलाजवळ उभे राहून हे जमत नाही त्याला अंधारात, घाबरलेल्या अवस्थेत जमेल असे मानण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या बुडाची. .३२ एसीपीच्या बुडाची कड धडापेक्षा किंचित बाहेर आलेली असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली, तर स्लाइड पुढे येताना दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल बंद पडते. ही अडचण झटक्याने स्लाइड ओढून सुटत नाही. मॅगझिन काढून बोटाने काडतुसे सोडवावी लागतात. म्हणून प्रत्येक काडतूस दाबताना त्याची कड खालच्याच्या पुढे आहे याची खात्री करून घ्यावी, आणि मॅगझिनचे वरचे ओठ वाकलेले किंवा दाबले गेलेले आहेत का हे खरेदीच्या वेळीच पाहावे. मी पाहिलेल्या काही नव्या नगांत मॅगझिन खाचेत बसायलाच त्रास देत होते. दुकानात दोन मॅगझिन मागून घ्यावीत, डमी, म्हणजे दारू नसलेली सरावाची काडतुसे भरून स्लाइड वारंवार ओढून पाहावी आणि एकही अडकले तर दुसरा नग मागावा.

अशनीच काय, कोणतेही अर्धस्वयंचलित पिस्तूल घेणाऱ्याला मी एक गोष्ट परत परत सांगतो: मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले असे नाही. नळीतले काडतूस तिथेच असते. घरात साफसफाई करताना होणाऱ्या अपघातांचे मोठे कारण हेच आहे. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड मागे नेऊन नळीत डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे, हा क्रम ज्याच्या हाताला वळण म्हणून लागलेला नाही त्याने पिस्तूल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच कारणासाठी कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत तयार होणारे साधे बत्तीस बोअर रिव्हॉल्वर मला अधिक पटते. वजन सुमारे ७०० ग्रॅम, तीन इंची नळी, सहा काडतुसे आणि जुन्या वेब्ली रिव्हॉल्वरची मधून मोडणारी रचना. कळ दाबून नळी खाली झुकवली की सहाच्या सहा काडतुसांची बुडे एका नजरेत दिसतात, आणि पूर्ण उघडले की ती वर उचलली जातात. शस्त्र भरलेले आहे की रिकामे, याबद्दल शंकेला जागा राहत नाही. एखादे काडतूस फुसके निघाले तर दुसरे काहीही न करता पुन्हा चाप ओढायचा, की पुढचे काडतूस घोड्यासमोर येते. ज्यांना महिनोन्महिने सरावाची संधी मिळत नाही, आणि आपल्या जिल्ह्यातले बहुतेक परवानाधारक असेच आहेत, त्यांच्यासाठी या साधेपणाचे मोल फार आहे.

दोष आहेतच. घोडा आधी मागे न नेता थेट चाप ओढला तर तो जड आणि लांब पडतो, नवख्याची नळी त्या ताणाने खाली झुकते आणि गोळी नेमाच्या खाली जाते. घोडा मागे नेऊन मारले की नेम छान लागतो, पण तशा तयारीला जवळच्या झटापटीत वेळ मिळत नाही, म्हणून सराव जड चापाचाच करावा. लोखंडाचे काम काही नगांत ओबडधोबड असते. सिलिंडर हाताने हलवून पाहावे आणि घोडा चढलेला असताना ते सैल डुलत असेल तर तो नग परत करावा. शिवाय रिव्हॉल्वरचे काडतूस .३२ लाँग असते, पिस्तुलाचे नव्हे. दोघांनाही लोक ‘बत्तीस’च म्हणत असल्याने घरातल्या दुसऱ्या कोणाला काडतुसे आणायला धाडू नये. परवान्यावर नोंद असलेल्या माणसानेच जावे, कायदाही तेच सांगतो.

निर्भीक हे त्याच काडतुसाचे, कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचे रिव्हॉल्वर. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे त्याचे वजन ५०० ग्रॅमवर आले आहे. जानेवारी २०१४ मध्ये ते महिलांसाठी म्हणून बाजारात आले तेव्हाच त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती. दिवसभर अंगावर बाळगायचे असेल तर २०० ग्रॅमचा फरक संध्याकाळी कमरेला नक्की जाणवतो, आणि घामाने गंजण्याची धास्ती कमी असते, हाही आपल्या हवेत मोठा फायदा आहे. तरीही फरकाची रक्कम मी वजनापेक्षा सरावावर खर्च करीन. महिलांनी ते पर्समध्ये ठेवावे असे सुचवले जाते, त्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. चोर सर्वांत आधी पर्सच हिसकावतो, म्हणजे भरलेले शस्त्र त्याच्याच हाती जाते.

निडर हे .२२ बोअरचे रिव्हॉल्वर अवघ्या २५० ग्रॅमचे आहे आणि या साऱ्यांत स्वस्त आहे. पण .२२च्या काडतुसात स्फोटक द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते, आणि ते न पेटण्याचे प्रमाण मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा जास्त असते. संरक्षणासाठी मी ते सुचवत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या प्रबळ या रिव्हॉल्वरची नळीही ७६ मिलिमीटर, म्हणजे तीन इंचीच आहे.

शस्त्राइतकाच विचार कपड्यांचा करावा, आणि इथे आपल्या भागाची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडचा व्यापारी पांढरा सदरा आणि पायजमा घालतो. पायजम्याच्या नाडीवर ७०० ग्रॅमचे शस्त्र राहत नाही. ते बसता-उठता खाली ओढले जाते आणि माणूस दर दहा मिनिटांनी कमरेला हात लावत राहतो, त्यातच ज्याला कळायचे त्याला सारे कळते. बंडीच्या आतल्या खिशात ठेवले तर एक बाजू लोंबते, आणि वाकताना ते बाहेर पडण्याचा धोका असतो. उपाय एकच आहे. पायजम्याच्या आत, बनियनवर रुंद, ताठ कमरपट्टा बांधावा, किंवा शस्त्र बाळगायच्या दिवशी पँट आणि जाड चामड्याचा पट्टा वापरावा. होल्स्टर, म्हणजे शस्त्राचे म्यान, असे असावे की चाप पूर्ण झाकला जाईल आणि मोटारसायकल गतिरोधकावर उडाली तरी शस्त्र जागचे हलणार नाही. सैल, सर्व मापांना चालणारे कापडी होल्स्टर दुकानदार फुकट देतात, ते घेऊच नये. मी कोल्हापुरात चपला-बॅगा शिवणाऱ्या कारागिराकडून शस्त्राच्या मापावर चामड्याचे शिवून घेतले. चामडे घाम शोषते, म्हणून रात्री शस्त्र त्यातून काढून पुसावे लागते, एवढाच त्रास.

झाकून बाळगणे ही आपल्याकडे केवळ सोय नाही. २०१६च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र होल्स्टरसारख्या साधनात, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असावे लागते. लग्नाच्या वरातीत ते बाहेर काढून हवेत बार काढणाऱ्याला २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मिरजेच्या आणि जतच्या परवानाधारकांनी हद्दीचे भान अधिक ठेवावे. म्हैसाळच्या पुढे कागवाड लागले की कर्नाटक सुरू होते, आणि परवान्यावर फक्त महाराष्ट्राची नोंद असेल तर नेहमीचा व्यापाराचा रस्ता तिथे गुन्ह्याचा होतो. गलाईवाल्यांनी तर शस्त्राच्या आधी आपल्या परवान्याचे क्षेत्र वाचावे. परराज्यात चालणार नाही असे शस्त्र घेऊन गावाकडच्या कपाटात ठेवण्यापेक्षा तो पैसा दुकानाच्या तिजोरीत आणि कॅमेऱ्यात घालणे शहाणपणाचे आहे.

खरेदीच्या सेवेबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. एका विक्रेत्याने मला रिकामे शस्त्र हाताळून पाहू देण्यासच नकार दिला आणि आधी पूर्ण रक्कम भरा असे सांगितले. मी तिथून उठलो. दुसऱ्याने काउंटरवर कापड अंथरले, शस्त्र उघडून रिकामे असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग मला दाखवले आणि नळी भिंतीकडे ठेवूनच हातात दिले. ज्याची हाताळणी अशी शिस्तीची असते त्याच्याकडून चार पैसे जास्त देऊन घ्यावे, कारण पुढची काडतुसे, दुरुस्ती आणि नोंदी यांसाठी त्याच्याकडेच जावे लागते. परवान्यावरील नोंद, पावतीवरील क्रमांक आणि शस्त्रावर कोरलेला क्रमांक हे तिन्ही दुकानातच जुळवून पाहावेत. एका अंकाची चूकही पोलीस ठाण्यातील तपासणीत अडचणीत आणते.

सरावाची सोय हा सांगली आणि कोल्हापूर या आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा दुबळा भाग आहे. शेजारच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज देशाला दिल्या, पण संरक्षणाचा परवाना असलेल्या माणसाला स्वतःचे बत्तीस बोअर घेऊन नियमित सराव करता येईल अशी जागा शोधावी लागते, आणि शेतात किंवा ओढ्यात जाऊन गोळ्या झाडणे कायद्यात बसत नाही. तोवर घरी डमी काडतुसांवर चापाचा सराव करावा. खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवून, पक्क्या भिंतीकडे नळी करून, रोज थोडा वेळ. जड चापाच्या रिव्हॉल्वरवर एवढ्यानेही महिन्याभरात नळी स्थिर राहू लागते. अंगावर बाळगलेली काडतुसे घाम आणि पावसाळी दमटपणाने खराब होतात, म्हणून ती दरवर्षी अधिकृत सरावात वापरून टाकावीत आणि नवी भरावीत. परवान्यावरील काडतुसांची मर्यादा लक्षात घेऊन हा हिशेब वर्षाच्या सुरुवातीलाच मांडावा.

विट्याच्या माझ्या चुलतभावाला मी साधे तीन इंची रिव्हॉल्वर घ्यायला लावले आणि वाचलेल्या पैशांतून ताठ पट्टा, मापाचे होल्स्टर, डमी काडतुसे आणि भिंतीत बसवलेली लोखंडी पेटी घ्यायला सांगितली. ज्यांच्या बोटांत जोर आहे, जे पँट-पट्ट्यात वावरतात आणि जे नळी तपासण्याचा क्रम एकदाही चुकवणार नाहीत, त्यांनी अशनी घ्यावे. मॅगझिन मात्र पारखून घ्यावे.