गहाळ 32 पाने आणि 1852 सालचा उन्हाळा : ‘टू कुक अ बेअर’ सात महिने सोबत ठेवल्यानंतर

मिकाएल निएमी यांच्या मूळ स्वीडिश कादंबरीचा डेबोरा ब्रॅगन-टर्नर यांनी केलेला हा इंग्रजी अनुवाद मी जुन्या पुस्तकांच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून 380 रुपयांना घेतला. नवी प्रत याच्या जवळपास दुप्पट किमतीला मिळत होती आणि वर्णनात ‘उत्तम स्थिती’ असे स्पष्ट लिहिलेले होते, म्हणून वाचलेल्या पैशांचे समाधान मानून मी वाचायला बसले. पान 288 उलटल्यावर समोर थेट पान 321 आले. डिंकाची बांधणी सुटून मधली 32 पाने केव्हाच गळून पडली होती आणि उरलेला गठ्ठा कोणीतरी पुन्हा बेमालूम चिकटवला होता. खुनाचा शोध ऐन रंगात आलेला असताना 32 पाने नसणे म्हणजे काय, हे रहस्यकथा वाचणाऱ्यांना सांगायला नको. विक्रेत्याने आधी उत्तरच दिले नाही, मग ‘जुनी पुस्तके परत घेतली जात नाहीत’ असे कळवले आणि चौथ्या पत्रानंतर निम्मे पैसे परत केले. जुने पुस्तक विकणाऱ्याने पाने मोजावीत, ही अपेक्षा अवाजवी आहे असे मला आजही वाटत नाही.

कथानकाची रूपरेषा बहुतेकांना ठाऊक असेल. स्वीडनच्या अगदी उत्तरेला, फिनलंडच्या सीमेलगत असलेल्या पायाला-केंगिस परिसरात 1852 च्या उन्हाळ्यात एक मोलकरीण जंगलात नाहीशी होते. सारे गाव अस्वलावर ठपका ठेवते, परंतु धर्मजागृतीचा प्रणेता असलेल्या तिथल्या पाद्रीला तो पटत नाही. त्याने रस्त्याकडेला सापडलेल्या ज्या अनाथ सामी (उत्तर स्कँडिनेव्हियातल्या आदिवासी जमातीतल्या) मुलाला आसरा दिला आणि अक्षरे शिकवली, तो युस्सी आपल्याला ही कथा सांगतो.

पहिल्या वाचनात मी या पुस्तकावर बरीच नाराज होते. तपास पुढे सरकू लागला, की पाद्री वाकून एखादे रोपटे न्याहाळतो, त्याचे लॅटिन नाव सांगतो, नाहीतर प्रवचन देऊ लागतो, आणि लेखकाला खुनात रस नसावा असे वाटून मी चार-पाच ठिकाणी पाने भराभर उलटली. पुढे गहाळ पानांची वाट पाहण्यात दोन महिने गेले. त्या काळात मी या पाद्रीविषयी मिळेल ते वाचले आणि माझे मत बदलावे लागले.

कादंबरीतला हा पाद्री, लार्स लेवी लेस्टाडियस, हे काल्पनिक पात्र नाही. 1800 साली जन्मलेला हा माणूस 1826 पासून कारेसुआंडोला आणि 1849 पासून 1861 मध्ये मृत्यू येईपर्यंत पायालाला पाद्री होता. त्याच्या घराण्यात सामी रक्त होते, तो सामी आणि फिनिश भाषांत प्रवचने देई आणि उत्तरेतल्या वनस्पतींचा तो इतका मोठा जाणकार होता, की तिथल्या पॉपीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आजही त्याचे नाव आहे. 1844 साली ओसेले येथे मिल्ला क्लेमेंट्सडॉटर या सामी स्त्रीशी झालेल्या भेटीने त्याच्या श्रद्धेला खरी कलाटणी मिळाली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. त्यानंतरच्या काही वर्षांत त्याच्या प्रवचनांनी माणसे रडू लागली, भावावेशात उड्या मारू लागली, चोरीचा माल परत करू लागली आणि मुख्य म्हणजे दारू सोडू लागली. दारू विकून गबर झालेल्यांना हे रुचणे शक्यच नव्हते. हे समजल्यावर कादंबरीत पाद्रीविषयी गावात धुमसणारा राग मला नीट उमगला, आणि झाडपाल्याकडे पाहणारी त्याची नजरच त्याला दबलेले गवत आणि मोडलेली डहाळी दाखवते, हेही ध्यानात आले. जी पाने मी घाईने उलटली होती, तीच तपासाची पाने होती.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढची आहे. त्याच वर्षी, 8 नोव्हेंबर 1852 रोजी, सीमेपलीकडे नॉर्वेतल्या कौतोकेइनो गावात या धर्मजागृतीने भारावलेल्या सामी लोकांच्या एका गटाने दारू विकणारा व्यापारी आणि सरकारी अंमलदार या दोघांना ठार मारले आणि तिथल्या पाद्रीला फटके मारले. सामी लोक ज्यांवर जगत त्या रेनडियरच्या कळपांसाठी फिनलंडची सीमा त्याच सप्टेंबरमध्ये बंद झाली होती, हे त्यामागच्या संतापाचा विचार करताना विसरता येत नाही. या गटाचे म्होरके अस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी यांचा 1854 च्या ऑक्टोबरमध्ये शिरच्छेद झाला, त्यांच्या कवट्या शरीरशास्त्राच्या संग्रहासाठी नेण्यात आल्या आणि त्यांना माती मिळायला 1997 साल उजाडले. हे वाचून मी पुन्हा युस्सीकडे वळले, तेव्हा ‘लॅप’ (सामींना हिणवण्याचा शब्द) म्हणून त्याच्यावर पडणारी प्रत्येक नजर मला निराळी दिसू लागली. ज्याच्या जमातीच्या माणसांची डोकी मोजमापासाठी कपाटात ठेवली गेली, त्याने हाती लेखणी घेऊन आपली हकिकत स्वतः सांगावी, हे मला या कादंबरीचे सर्वांत मोठे यश वाटते. अक्षरे शिकतानाची त्याची पाने मी आतापर्यंत सहा वेळा वाचली आहेत.

शेवटी एका मैत्रिणीने तिची प्रत चार दिवसांसाठी दिली आणि ती 32 पाने वाचून झाली. तक्रारी आहेतच. युस्सीखेरीज इतर सामी माणसे फारशी बोलत नाहीत. जिथे धर्मजागृतीचे मूळच एका सामी स्त्रीच्या शब्दांत होते, तिथे कादंबरीतल्या स्त्रिया मुख्यतः अत्याचार सोसण्यासाठी येतात, हे मला खटकते. हिंसेची काही वर्णने सहन होत नाहीत, त्यामुळे हळव्या मनाच्या वाचकांनी विचार करून हे पुस्तक हाती घ्यावे. केवळ खुनी कोण एवढेच हवे असेल, तर पैसे खर्चू नयेत.

माझी प्रत मी जवळच्या बाइंडरकडून दोऱ्याने शिवून घेतली, त्याचे 120 रुपये झाले. गहाळ पानांच्या जागी 16 कोरे कागद घालायला सांगितले होते, आणि त्यांवर मी कौतोकेइनोची हकिकत तारखांसह लिहीत आहे. सध्या पाचवे पान चालू आहे.