गूगलवर मराठीतून शोध: पुण्यातल्या चार कामांच्या कसोटीवर

गूगलचा शोध मराठीत किती कामाचा आहे, हे तपासायला पुण्यातली चार कामं पुरतात: मिळकत करातली सवलत, सातबारा, एखादा जुना सरकारी ठराव आणि शंभर वर्षांपूर्वीच्या शहराबद्दलचं पुस्तक. पहिल्या दोन कामांत तो उपयोगी पडतो, फक्त सावध राहावं लागतं. उरलेल्या दोनांत मात्र बराच मजकूर तो दाखवतच नाही. शोधणारा समजतो की मराठीत या विषयावर काही लिहिलंच गेलं नाही. मजकूर असतो, तो शोधाच्या नजरेत येईल अशा रूपात नसतो, एवढंच.

मिळकत करापासून सुरुवात करू. महापालिकेच्या कागदांवर ‘मिळकत कर’ हा शब्द आहे, त्यामुळे ‘प्रॉपर्टी टॅक्स’पेक्षा हाच शब्द टाकावा. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात ४० टक्के सवलत आहे आणि ती घेण्यासाठी पीटी-३ हा अर्ज भरावा लागतो. ही सवलत मध्यंतरी बंद झाली होती आणि २०२३ मध्ये राज्य सरकारच्या निर्णयाने पुन्हा लागू झाली. म्हणून ‘सवलत रद्द’ आणि ‘सवलत कायम’ अशा दोन्ही बातम्या निकालांत शेजारी शेजारी दिसतात. भारतात २०२४ पासून निकालांच्या वर जो एआयने तयार केलेला सारांश येतो, त्यात अशा परस्परविरोधी बातम्यांची सरमिसळ होण्याचा धोका सगळ्यात जास्त. करासाठी, दाखल्यासाठी, मुदतीसाठी त्या सारांशावर विसंबू नये. संगणकावर ‘मोर’मध्ये ‘वेब’ हा पर्याय असतो. तो निवडला की सारांश आणि चौकटी जाऊन नुसते दुवे उरतात. मग ‘टूल्स’मध्ये ‘एनी टाइम’च्या जागी ‘कस्टम रेंज’ घेऊन २०२३ नंतरचा काळ द्यावा. तरी ही तारीख गूगलने पानावरून ताडलेली असते, जुनं पान नव्याने चढवलं की ती चुकते. बातमीतली तारीख स्वतः वाचावी आणि अर्जासाठी महापालिकेच्या मुख्य संकेतस्थळावरूनच कर विभागात जावं.

सातबाऱ्याचा शोध घेतला की सरकारी संकेतस्थळाच्या आजूबाजूला खासगी पानांची गर्दी दिसते. संकेतस्थळाच्या नावाच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मं काम होतं. महाभूलेख या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की विनास्वाक्षरीचा सातबारा फुकट दिसतो, पण तो माहितीपुरताच. कार्यालयात द्यायला डिजिटल स्वाक्षरीचा उतारा लागतो आणि त्याला १५ रुपये पडतात. लोक अडतात ते दोन ठिकाणी. एक, तालुका पुणे शहर की हवेली हे दस्तावर न पाहता अंदाजाने निवडतात. दोन, कसबा किंवा शुक्रवार पेठेतल्या घराचा सातबारा शोधत बसतात. नगर भूमापन झालेल्या भागात मालमत्ता पत्रक लागतं आणि त्यासाठी सिटी सर्व्हे क्रमांक हवा. नावाने शोधण्याची सोय आहे, पण नोंदीत नाव ज्या अक्षरांनी आणि ऱ्हस्व-दीर्घाने चढलंय तसंच टाकावं लागतं. ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ ही तिथे दोन वेगळी माणसं. क्रमांक हाताशी असेल तर नावाच्या वाटेला जाऊ नये.

जुना ठराव शोधताना खरी अडचण येते ती जुन्या पीडीएफची. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठी छपाई आणि सरकारी टंकलेखन श्रीलिपी, आयएसएम, आकृती अशा सॉफ्टवेअरांवर चालायचं. यांतली श्रीलिपी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची आणि आयएसएम पुण्याच्याच सीडॅकचं. या फॉन्टांमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या घरांत बसवलेले असतात. पडद्यावर सुबक मराठी दिसतं, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात, आणि शोधयंत्र आतलं वाचतं. त्यामुळे अख्खा अहवाल महाजालावर असूनही त्यातला एकही मराठी शब्द सापडत नाही.

फाइल कुठल्या प्रकारची आहे, हे ओळखायला एक ओळ निवडून कॉपी करावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवावी. रोमन अक्षरांचा गुंता आला तर जुना फॉन्ट आहे. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये फाइलच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘फॉन्ट्स’ या भागात त्याचं नाव कळतं आणि ते पाहून मगच जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणारा परिवर्तक निवडावा. श्रीलिपीच्याच अनेक आवृत्त्यांची मांडणी वेगवेगळी आहे, चुकीची निवडली की निम्मी अक्षरं नीट आणि जोडाक्षरं भलतीच येतात. ओळ निवडताच येत नसेल तर ते पान म्हणजे चित्र आहे. देवनागरी येते पण वेलांट्या आणि रफार जागा सोडून पडतात, असं झालं तर फाइल युनिकोडची असूनही पीडीएफ करताना बिघडली आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत पान नव्याने वाचून घेणं हाच उपाय.

त्यासाठी गूगल ड्राइव्ह चांगलं काम करतं. चित्र किंवा पीडीएफ चढवायची, त्यावर उजवं बटण दाबून ‘ओपन विथ’मधून ‘गूगल डॉक्स’ निवडायचं. फाइल २ एमबीच्या आत ठेवावी, पान सरळ असावं आणि अक्षराची उंची निदान १० पिक्सेल असावी. मोठा अहवाल असेल तर पानांचे तुकडे करून चढवावेत. फिकट किंवा झिजलेल्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ यांची अदलाबदल होते, अनुस्वार गळतात. आकडे तर प्रत्येक वेळी मूळ पानाशी ताडून घ्यावेत, ‘५’ आणि ‘४’ यांत गफलत झाली तर रक्कमच बदलते. मोबाइलवरचं गूगल लेन्स एखाद्या परिच्छेदापुरतं याहून सोपं पडतं. मोडी कागदांसाठी मात्र यांतल्या कशावरही भिस्त ठेवू नये. पुरालेखागारातलं पेशवे दफ्तर वाचायला मोडी जाणणारा माणूसच लागतो.

मजकूर युनिकोडमध्ये असला तरी एक खाच उरते. ‘दुसऱ्या’ मधला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो: एकदा ‘ऱ’ला हलन्त जोडून, एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. ‘ॲप’ची तीच गत, ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरात ‘अ’वर चंद्र आहे. डोळ्यांना दोन्ही सारखंच, पण जिथे अक्षर-अक्षर जुळवणी होते तिथे एक टाकलं की दुसरं सापडत नाही. असा शब्द टाळून शेजारचा साधा शब्द शोधावा. अवतरणचिन्हं जपून वापरावीत, कारण अवतरणात ‘वाडा’ टाकला की ‘वाड्याचा’ आणि ‘वाड्यात’ हातचे जाऊ शकतात. शब्दाची दोन-तीन रूपं वेगवेगळी शोधणं बरं. १९६२च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांत तर ‘नाहीं’, ‘तें’, ‘कांहीं’ असं लिहिलेलं असतं. अवतरणात जुनं वाक्य टाकायचं तर ते अनुस्वारांसकट टाकावं.

जुन्या पुण्यासाठी गूगलच्या मुख्य पेटीत वेळ घालवू नये, थेट इंटरनेट आर्काइव्ह या मोफत डिजिटल ग्रंथालयावर जावं. तिथे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाची हजारो स्कॅन आहेत, पण मराठी पुस्तकांचीही नावं बहुतेक रोमन लिपीत आणि मनाला येईल त्या स्पेलिंगने नोंदवली आहेत. देवनागरीत नाव टाकलं की ती हाती लागत नाहीत. शीर्षकातला एकच ठळक शब्द रोमनमध्ये, शेवटचा ‘ए’ लावून आणि न लावून, ‘व’साठी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्ही वापरून पाहावा. लेखकाचं नुसतं आडनावही चालतं. शहराचं नाव ‘पूना’च टाकावं, कारण ‘पुणे’ हे रूप इंग्रजी कागदोपत्री १९७८ मध्ये आलं. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८वा खंड, १८८५चा, तीन भागांत पुण्यावर आहे आणि तो याच नावाने सापडतो. खडकीसाठी त्यात इंग्रजांचं ‘किर्की’ हे रूप शोधावं. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयाचा डिजिटल संग्रहही स्वतंत्रपणे चाळावा. जुने अहवाल आणि इंग्रजी पुस्तकं तिथे बरीच आहेत.

मराठीतली नेमकी नोंद हवी असेल तर मराठी विश्वकोश आधी उघडावा. नोंदी तज्ज्ञांनी लिहिलेल्या आहेत आणि संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, आकडे मात्र छपाईच्या काळातले असतात. चालू घडामोडींसाठी मराठी विकिपीडिया, पण तिथे खालचे संदर्भ उघडून पाहावेत. संदर्भ नसलेलं वाक्य पुढे कुठेही उतरवू नये.

महापालिकेचं किंवा शासनाचं पान नव्या बांधणीत हरवलं असेल तर जुना पत्ता इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये चिकटवावा, तिथे संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात. गूगलने स्वतःच्या साठवलेल्या प्रती २०२४ मध्ये काढून टाकल्या, तेव्हापासून मुख्यतः हाच मार्ग उरला आहे. आणि एखादा ठराव आज उघडत असेल तर त्याच दिवशी फाइल उतरवून, नावात ठराव क्रमांक आणि तारीख घालून, स्वतःच्या संगणकावर ठेवावी.