इस्तंबूलनंतर कुठे? कॅपाडोशिया की इफेसस

इस्तंबूलवरून कुणाच्या घरात वाद होत नाही. आया सोफिया, टोपकापी राजवाडा, निळी मशीद, बॉस्फरसमधली बोटीची फेरी, यांना तीन-चार दिवस द्यायचेच असतात. वाद होतो तो त्यापुढच्या तीन दिवसांवरून. अनातोलियाच्या पठारावरचं कॅपाडोशिया करायचं, की एजियन समुद्राच्या बाजूचं इफेसस आणि जमलं तर त्याला जोडून पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांचं पामुक्कले? (मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली, त्यानंतर तिथे मुळात जावं का, हाही वाद बऱ्याच घरांत झाला. पुण्याच्या बाजारात तर तुर्की सफरचंदांवरही बहिष्कार पडला होता. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. ज्यांचं जायचं ठरलंय, त्यांच्यासाठी हे.)

बहुतेक जण कॅपाडोशिया घेतात आणि कारण एकच सांगतात: गरम हवेच्या बलूनमधली सफर. माझं म्हणणं असं की, ठरवताना बलून हिशेबात धरूच नका. तो उडणार की नाही हे वारा ठरवतो, आणि त्या दिवशीची परवानगी नागरी विमान वाहतूक खात्याकडून यावी लागते. हिवाळ्यात तर लागोपाठ काही दिवस उड्डाणं बंद राहू शकतात. रद्द झालं की पैसे परत मिळतात, पण त्याच दुपारी तुमचं परतीचं विमान असेल तर ते पैसे घेऊन करायचं काय? बलूनसाठीच जायचं असेल तर गोरेमे या तिथल्या पर्यटकांच्या गावात तीन मुक्काम ठेवा आणि पहिल्या पहाटेचं बुकिंग करा, म्हणजे वाऱ्याने दगा दिला तरी दोन सकाळी हातात राहतात. आणि हवा चांगली असेल त्या पहाटे गावालगतच्या टेकडीवर नुसतं उभं राहिलं, तरी शंभरेक बलून एकामागून एक वर येताना दिसतात. तेही कमी नाही, आणि खर्च जवळपास शून्य.

बलून वजा केला तरी कॅपाडोशियात बघण्यासारखं पुष्कळ आहे. एर्जियेस, हसन अशा ज्वालामुखींच्या राखेचे थर दाबले जाऊन इथे टफ नावाचा मऊ दगड तयार झाला. वाऱ्यापावसाने त्याचे सुळके झाले आणि माणसांनी त्यात घरं, चर्च, कबुतरखाने कोरले. कबुतरं पाळायची ती विष्ठेसाठी, द्राक्षमळ्यांना खत म्हणून. वेरूळ पाहिलेल्यांनी मात्र इथे कैलास लेणं शोधायला जाऊ नये. आपला बेसाल्ट कठीण, इथला दगड साध्या हत्याराने खरवडला जाणारा. कोरीवकामाच्या भव्यतेत तुलनाच होत नाही. इथे पाहायची ती भित्तिचित्रं. गोरेमेच्या खुल्या संग्रहालयात 'कारानलिक किलिसे' म्हणजे अंधारं चर्च आहे. त्याला वेगळं तिकीट पडतं म्हणून अनेक जण ते टाळतात. टाळू नका. आत उजेड फार थोडा येतो, त्यामुळे अकराव्या शतकातले निळे आणि तांबडे रंग अजून टवटवीत आहेत. आजूबाजूच्या काही चर्चमध्ये, हात पोचेल एवढ्या उंचीवरच्या संतांचे डोळे खरवडून काढलेले दिसतात, आणि छताकडची तीच मंडळी शाबूत असतात. आत फोटोला मनाई आहे, हे एका परीने बरंच.

दुसरी न चुकवण्यासारखी गोष्ट म्हणजे देरिनकुयूचं जमिनीखालचं शहर, सुमारे ८५ मीटर खोल. तबेले, कोठारं, स्वयंपाकघरं, हवेसाठी वरपर्यंत गेलेले झरोके, सगळं खडकात. वाटेत जात्याच्या तळीसारखे प्रचंड गोल दगड उभे दिसतात. हल्ला झाला की आतल्या माणसांनी तो दगड खोबणीतून सरकवून वाट बंद करायची. बाहेरच्या बाजूने त्याला धरायला काहीच नसतं. इथल्या ग्रीक ख्रिश्चनांना १९२३ च्या लोकसंख्या अदलाबदलीच्या करारानुसार ग्रीसला पाठवण्यात आलं, तोवर गरज पडली की लोक खाली उतरत. पण गुडघे, कंबर किंवा बंद जागेची भीती यांपैकी काहीही असेल तर विचार करा. काही बोगद्यांतून पूर्ण वाकून जावं लागतं आणि मागून गर्दी ढकलत असते.

इफेससचा बाज पूर्ण वेगळा. रोमन काळातलं हे बडं बंदर. नदीच्या गाळाने बंदर बुजत गेलं आणि शहराचं महत्त्वही त्याबरोबर गेलं. समुद्र आता काही किलोमीटर लांब आहे. हे पुस्तकात वाचून कळत नाही. साधारण २५,००० माणसं मावतील अशा थिएटरच्या वरच्या पायऱ्यांवर चढून बसलं की कळतं. समोर बंदराकडे जाणारा सरळ, रुंद संगमरवरी रस्ता दिसतो आणि तो गवतात जाऊन संपतो. पाण्याचा पत्ता नाही.

सेल्ससच्या ग्रंथालयाची दर्शनी भिंत सगळ्यांनी फोटोत पाहिलेली असते. फोटोत न दिसणाऱ्या दोन गोष्टी: आज उभी दिसते ती भिंत ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात पडलेल्या तुकड्यांतून पुन्हा रचलेली आहे, आणि ज्याच्या नावाचं ग्रंथालय त्या सेल्ससचं थडगंही त्याच इमारतीखाली आहे. मुलाने वडिलांचं स्मारक म्हणून ते बांधलं. पण माझा जीव रमला तो उतारावरच्या 'टेरेस हाउसेस'मध्ये. इथेही तिकीट वेगळं, इथेही लोक वाचवतात. छपराखाली श्रीमंत रोमनांची घरं उघडी केलेली आहेत. मोझॅइकच्या जमिनी, रंगवलेल्या भिंती, जमिनीखालून गरम हवा खेळवण्याची सोय. बाहेरच्या भग्न खांबांपेक्षा इथे माणसं राहत होती हे पटकन पटतं. याउलट आर्टेमिसच्या मंदिराकडे 'प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक' म्हणून अपेक्षेने गेलात तर फसाल. पाणथळ जागेत तुकडे रचून उभा केलेला एक खांब, आणि हंगामात त्यावर करकोच्याचं घरटं. पाच मिनिटं पुरे.

आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर मी डोळे मिटून इफेसस सांगेन. वरच्या दाराने आत शिरून खालच्या दाराने बाहेर पडलं की बहुतेक चाल उताराची होते. फक्त संगमरवर गुळगुळीत झालाय, तेव्हा चांगली पकड असलेले बूट हवेत. सावली मात्र नावाला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दार उघडताच आत शिरा; नंतर ऊन चढतं आणि कुशादासीला लागलेल्या क्रूझचे घोळकेही येतात. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर दोन्हीकडे उत्तम. थंडीत कॅपाडोशियात बर्फ पडतो, दिसतं सुरेख, पण बलूनचा भरवसा आणखी कमी.

शाकाहारी मंडळींचं पोट एजियन बाजूला जास्त सुखी. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्या, भात भरलेली द्राक्षाची पानं, फरसबी, आर्टिचोक हे तिथलं रोजचं जेवण. कॅपाडोशियात मडकं फोडून वाढतात तो 'तेस्ती कबाब' प्रसिद्ध. भाज्यांचा मिळतो, पण तो पाहुण्यांसाठी. मसूर डाळीचं सूप आणि चीज-पालक भरलेली पातळ पोळी, म्हणजे गोझलेमे, दोन्हीकडे तारून नेतात. सूप मटणाच्या पाण्यात शिजवलं नाही ना, एवढं विचारून घ्या.

रोजचं तुर्की जगणं बघायचं असेल तरी इफेससशेजारचं सेल्चुक सरस. शनिवारी बाजार भरतो, बाया चीज आणि ऑलिव्ह निवडत असतात, पुरुष चहाच्या छोट्या ग्लासांवर तासन्‌तास बसतात. गोरेमे गाव देखणं, पण जवळपास सगळं पर्यटकांसाठीच मांडलेलं. ज्यांना सुफी दरवेशांचा गोल फिरत होणारा 'सेमा' पाहायचा आहे त्यांच्यासाठी कॅपाडोशियात अवानोसजवळ तेराव्या शतकातल्या सारीहान सराईत कार्यक्रम होतो. मात्र सुफी कवी रूमीसाठीच निघाला असाल तर वाट वाकडी करून त्याची समाधी असलेल्या कोन्याला जा.

प्रवासाचं म्हणाल तर इस्तंबूलहून दोन्हीकडे विमानाने तासा-सव्वातासाचं काम. इझमीर विमानतळावरून सेल्चुकला रेल्वे आहे, तासाभरात पोचवते, आणि पुढे गाइडशिवाय निभतं. कॅपाडोशिया विखुरलेलं, गाडी भाड्याने घ्या नाहीतर दिवसाच्या टूरला जा. टूर घेतलीत तर गालिचा किंवा मातीच्या भांड्यांच्या दुकानात थांबा ठरलेला. चहा प्या, बघा, उठा.

आठवडाभर हाताशी असेल तर भांडण मिटतं: गोरेमेहून रात्रीच्या बसने पामुक्कलेजवळच्या देनिझली शहरात या. टूरच्या बस यायच्या आत पामुक्कले गाठता येतं. तिथल्या पांढऱ्या चुनखडीच्या पायऱ्यांवर अनवाणी चालावं लागतं, म्हणून बूट ठेवायला पाठीवरची पिशवी जवळ असू द्या. संध्याकाळपर्यंत सेल्चुक.