जुनी गाडी पुण्याहून दिल्लीला: चालवत, फ्लॅटबेडवर की कंटेनरमधून?

थंडी पडायला लागली की जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांचे एकमेकांना फोन सुरू होतात. दिल्लीत १९६४ पासून भरणारी 'स्टेट्समन' वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली असो किंवा '२१ गन सल्यूट' हा तसाच मेळा, जायचं सगळ्यांनाच असतं. अडतं ते एकाच प्रश्नावर: गाडी न्यायची कशी? पुण्याहून दिल्ली साधारण दीड हजार किलोमीटर. गाडी पन्नास-साठ वर्षांची, आणि काच फुटली तर तशी दुसरी मिळेल याची खात्री नाही.

आमच्याकडे १९५६ ची फियाट ११०० आहे, जिला मुंबईत 'डुक्कर फियाट' म्हणायचे. १०८९ सीसीचं इंजिन, उलटी उघडणारी पुढची दारं, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. ही गाडी मी लांबच्या पल्ल्याला तीनदा नेली: एकदा चालवत, एकदा फ्लॅटबेडवर (सपाट, उघड्या पाटीच्या ट्रकवर), एकदा कंटेनरमधून. त्यातून माझं एक मत पक्कं झालं. गाडीला जी इजा होते ती हायवेवर क्वचितच होते. ती होते गाडी चढवताना आणि उतरवताना, त्या पंधरा-वीस मिनिटांत. म्हणून ट्रान्सपोर्टरला आधी भाडं विचारू नका. गाडी कोण चढवणार, कशावरून चढवणार आणि कशाने बांधणार, हे आधी विचारा. पुढची सगळी तुलना मी याच नजरेने केली आहे.

चालवत नेणं

इथे चढवणं-उतरवणं नाहीच, हा याचा सगळ्यात मोठा फायदा. गाडी तुमच्या हातात असते आणि तिचा आवाज तुम्हाला कळतो. इंजिन जरा वेगळं बोलू लागलं की तुम्ही बाजूला घेता. ट्रकचालकाला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नाही.

पण खर्च नीट मांडा. आमची फियाट हायवेला लिटरमागे बारा-तेरा किलोमीटर देते. म्हणजे एका बाजूला सव्वाशेच्या आसपास लिटर पेट्रोल. लिटरला शंभर रुपये धरले तरी साडेबारा हजार. ताशी साठच्या वर मी तिला पळवत नाही आणि अंधारात चालवत नाही, त्यामुळे पाच दिवस लागतात. माझे मुक्काम असे: वापी, वडोदरा, उदयपूर, जयपूर, दिल्ली. सोबत दुसरी गाडी हवी, त्यात फिटर हवा, दोघांचं जेवणखाण आणि राहणं हवं. तेवढंच परतीचं. 'स्वस्तात पडतं म्हणून चालवत नेतो' असं कुणी म्हणालं तर त्याने मागच्या गाडीचा हिशेब धरलेला नसतो.

तयारीत मी सगळ्यात जास्त वेळ पेट्रोलच्या वाटेवर घालवतो. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा (डायफ्राम) यासाठी बनलेलेच नव्हते. रबर फुगतं, मऊ पडतं, मग चिरतं. निघण्यापूर्वी सगळे पाइप इथेनॉल सोसणारे बसवून घ्या आणि डायफ्राम किट जवळ ठेवा. दुसरा त्रास दुपारच्या उन्हातला. इंजिनच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी चढावर गप्प बसते. शामळाजीच्या पुढे अरवलीचे चढ लागतात, तिथे आमचं हेच झालं. गाडीतल्या पंपावर ओलं फडकं टाकून वीस मिनिटं सावलीत थांबलो की गाडी पुन्हा सुरू. जुन्या ड्रायव्हरांचा हा उपाय आजही चालतो.

सोबत घ्यायच्या सामानात पॉइंट, कंडेन्सर, रोटर, कॉइल, फॅन बेल्ट, एक जास्तीचा रेडिएटर होज आणि इंजिन ऑइल असू द्या. पुण्यात नाना पेठेत आणि दिल्लीत काश्मिरी गेटला स्पेअर पार्ट मिळतात, पण मधल्या रस्त्यात तुमच्या गाडीचा भाग मिळेल असं धरून चालू नका. टायरवर कोरलेले चार आकडेही वाचा: पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. नक्षी शाबूत असली तरी पंधरा वर्षांपूर्वीचा टायर हायवेवर नेऊ नका. वर्षाला दोनशे किलोमीटर चालणाऱ्या गाडीत टायर झिजत नाही, नुसता म्हातारा होतो.

ब्रेकबद्दल एवढंच सांगतो. खंडाळ्याचा घाट चढताना जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये तो उतरा. ड्रम तापले की पेडल पाय देईल तेवढं खाली जातं आणि गाडी मात्र थांबत नाही. माझ्यावर ती वेळ एकदा आली आहे, आणि तेव्हा पोटात आलेला गोळा मी विसरलेलो नाही.

दिल्ली-मुंबई एक्सप्रेसवेचा सोहना-दौसा टप्पा फेब्रुवारी २०२३ मध्ये खुला झाला. रस्ता सुरेख आहे, पण तिथे गाड्या ताशी १२० ने जातात, आणि त्यांच्यात साठने चालणारी जुनी गाडी दोघांनाही धोक्याची. जयपूरच्या पुढे मी जुना ४८ क्रमांकाचा हायवेच धरतो. गर्दी असते, पण थांबायला धाबा आणि पंक्चरवाला जवळ असतो. जानेवारीत उत्तरेकडे सकाळी धुकं असतं. डायनामोवरच्या पिवळ्या दिव्यांनी त्यात काही दिसत नाही, म्हणून ऊन पडल्याशिवाय निघायचं नाही.

फ्लॅटबेड

चढवण्याच्या बाबतीत याला तोड नाही. पाटी मागे सरकते, तिरकी होऊन जमिनीला टेकते आणि विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, गाडी हळूहळू वर ओढली जाते. फक्त विंचचा हुक कुठे अडकवतात ते स्वतः वाकून पाहा. बंपरला नको, चाकं वळवणाऱ्या टाय रॉडला तर अजिबात नको. आमच्या फियाटला तो पुढच्या क्रॉसमेंबरला, म्हणजे आडव्या तुळईला लागतो. सुट्या चासीच्या गाडीला चासीलाच.

पण हे वाहन बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत नेण्यासाठी आहे. दीड हजार किलोमीटर उघड्यावर म्हणजे धूळ, पुढच्या ट्रकच्या चाकांनी उडवलेली खडी, झाडांच्या फांद्या आणि अवकाळी पाऊस. लोक यावर उपाय म्हणून कापडी कव्हर घालतात, आणि तिथेच चूक होते. वाऱ्याने कव्हर फडफडतं, आत धूळ शिरते आणि शेकडो किलोमीटर ते रंगावर पॉलिश पेपरसारखं घासत राहतं. माझ्या गाडीचे पुढचे दोन्ही मडगार्ड असे मंद पडले. उघड्या गाडीवर न्यायचं ठरलंच तर कव्हर घालू नका, धूळ बसू द्या आणि पोचल्यावर भरपूर पाण्याने धुवा.

भाड्याचंही गणित आहे. फ्लॅटबेडला परतीचा माल मिळत नाही, म्हणून मालक जाण्यायेण्याचे किलोमीटर लावतो. दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत, समजा पुण्याहून मुंबई किंवा नाशिकला, मी डोळे झाकून फ्लॅटबेड घेईन. त्यापुढे नाही.

कंटेनर

यात दोन प्रकार आहेत आणि फोनवर बोलताना दोन्हींना 'कंटेनर'च म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो. एक म्हणजे सात-आठ गाड्या एकत्र नेणारा बंदिस्त कार कॅरिअर, ज्यातून बदली झालेल्या कुटुंबांच्या आणि शोरूमच्या गाड्या जातात. दुसरा म्हणजे फक्त तुमच्यासाठी घेतलेला बत्तीस फुटी मालवाहू कंटेनर.

कॅरिअर स्वस्त पडतो. पण गाडी आधी यार्डात जाते, कॅरिअर भरेपर्यंत तिथे उभी राहते, आणि चढवतात यार्डातली मुलं. दिवसभर नव्या गाड्या चढवणाऱ्या त्या मुलांचा यात दोष नाही. थंड इंजिन सुरू करताना चोक किती ओढायचा, स्टिअरिंगवरचा गिअर कसा पडतो हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. इंजिन पेट्रोलने भरून जातं, बॅटरी उतरते, मग धक्का मारून गाडी वर ढकलली जाते. तुमची पद्मिनी किंवा अँबेसिडर रोजच्या वापरात असेल आणि एका चावीत सुरू होत असेल तर कॅरिअर चांगला. जी गाडी फक्त मालकाच्याच हाताला ओळखते, तिला तिथे सोडू नका.

स्वतंत्र कंटेनर महाग, तरी लांबच्या पल्ल्याला माझी पसंती त्यालाच. ऊन, पाऊस, धूळ, कशाचीच चिंता नाही. अडचण उंचीची. कंटेनरचा तळ जमिनीपासून चारेक फूट वर असतो. गाडी आत न्यायचे खात्रीचे मार्ग दोनच: ज्याला डॉक, म्हणजे ट्रकच्या उंचीचा ओटा आहे असं गोदाम, किंवा फ्लॅटबेडची पाटी कंटेनरच्या दाराशी भिडवून गाडी सरळ आत लोटायची. पुण्यात मी दुसरा मार्ग घेतला आणि गाडी ओरखड्याशिवाय आत गेली. पोचल्यावर उतरवायची जबाबदारी ट्रान्सपोर्टरने घेतली होती. प्रत्यक्षात त्याच्या माणसांनी दोन लाकडी फळ्या लावल्या. एक सरकली, गाडी पोटावर टेकली, सायलेन्सर चेपला आणि मागचा बंपर वाकला. पूर्ण प्रवास सुखरूप झाला होता. नुकसान शेवटच्या चार फुटांत झालं. तेव्हापासून दोन्ही टोकांना फ्लॅटबेड मी स्वतः ठरवतो. त्याचे पैसे अगदी सत्कारणी लागतात.

रुंदीही मोजा. कंटेनर आतून साधारण आठ फूट, आमची फियाट पाच फुटांच्या आत, त्यामुळे दार किलकिलं करून माणूस बाहेर पडतो. साठच्या दशकातली इम्पाला जवळजवळ दोन मीटर रुंद. तिच्यातला माणूस आतच अडकेल, खिडकीतून निघावं लागेल. अशी गाडी विंचनेच आत ओढा.

बांधताना पट्टे चाकांवरून घ्या, ॲक्सलवरून किंवा बॉडीवरून नाही. चाकं तळाशी घट्ट धरली की वरची गाडी आपल्या स्प्रिंगवर आणि पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) मोकळी हलते. बॉडी खाली ओढून बांधली तर प्रत्येक खड्ड्यात पाटे आणि ते टांगणारे शॅकल मार खातात, आणि गाडी जरा दबली की पट्टाही सैल होतो. तारांच्या चाकांत हुक अडकवू नका. चारही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एकट्या हँडब्रेकच्या केबलवर विसंबू नका. टाकीत थोडंच पेट्रोल ठेवा, बॅटरीची एक वायर सोडा. तळाला पट्टे अडकवायला कड्या आहेत का, हे कंटेनर यायच्या आधी विचारा. पुष्कळ कंटेनरना त्या नसतात. पहिल्या पन्नास किलोमीटरला थांबून पट्टे पुन्हा आवळायला चालकाला सांगा, आणि त्या कामाचे त्याला वेगळे पैसे द्या.

रेल्वेचं बरेच जण विचारतात. दिल्लीसाठी एकट्यादुकट्या गाडीचा तो व्यवहार्य मार्ग नाही. गोव्याला जायचं असेल तर कोकण रेल्वेची गोष्ट वेगळी. तिने २०२५ च्या गणपतीत कोलाड ते वेर्णा अशी मोटारींसाठी रो-रो सेवा (मोटार रेल्वेच्या वाघिणीवर चढवून नेणारी) सुरू केली, तेव्हा एका गाडीला ७,८७५ रुपये. वाघिणी मात्र उघड्या असतात.

विमा आणि कागद

बहुतेकांच्या जुन्या गाड्यांचा विमा फक्त थर्ड पार्टी असतो. म्हणजे कंटेनरमध्ये गाडी चेपली तर एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कलम असलेल्या नेहमीच्या पॉलिसीत रस्ता, रेल्वे, जलमार्ग किंवा विमानाने गाडी नेली जात असतानाचं नुकसानही धरलेलं असतं. जुन्या गाडीची किंमत मात्र विमा कंपनीशी बोलून ठरवून, लिहून घ्यावी लागते. ट्रान्सपोर्टरची बिल्टी उलटून मागची बारीक अक्षरं वाचा. 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असं तिथे असेल तर तोंडी आश्वासनाला काही अर्थ नाही. चढवण्यापूर्वी चारही बाजूंचे आणि पोटाखालचे फोटो काढा, चालकाची त्यावर सही घ्या.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र नियम केले. नवी नोंदणी 'व्हीए' मालिकेत होते, शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं; आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ही मला या नियमांतली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, कारण वडिलांनी घेतलेल्या गाडीचा नंबर हाही त्या गाडीचाच भाग असतो. पण अशी नोंदणी घेतली की गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. रॅलीला चालवत जाणं त्यात बसतं, वाटेत आठवडाभर राजस्थान फिरणं बसत नाही.

दिल्लीचा वेगळा विचार करा. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे हरित लवादाचे निर्बंध आहेत, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले, आणि त्यानंतरही आदेश बदलत आले आहेत. 'व्हीए' नोंदणी नसलेली गाडी दिल्लीच्या हद्दीत चालवत न्यायच्या आधी आयोजकांकडून ताजी स्थिती लेखी घ्या. नोंदणीचा प्रश्न सुटला नसेल तर गाडी कंटेनरमधून थेट मैदानावर उतरवलेली बरी.

मग घ्यायचं काय?

गाडी वर्षभर चालती असेल, सोबत फिटर असेल आणि दहा-बारा दिवस हातात असतील तर चालवत न्या. त्याची सर कशालाच नाही. वापीच्या पुढे एका ट्रकवाल्याने आमच्या शेजारी ट्रक हळू केला आणि ओरडून विचारलं, "कौन सा साल?" साल ऐकल्यावर पुढचे दहा किलोमीटर तो आमच्या मागे आडोसा धरून चालला, म्हणजे मागून कुणी येऊन ठोकू नये. कंटेनरमध्ये घातलेल्या गाडीला हे मिळत नाही.

रंग नुकताच केलेला असेल, गाडी दुसऱ्या महायुद्धापूर्वीची आणि जड असेल किंवा तुम्हाला सुट्टीच तीन दिवसांची असेल, तर स्वतंत्र कंटेनर. ओळखीच्या दोघांच्या गाड्या जुळवा. बत्तीस फुटांत दोन छोट्या गाड्या एकामागे एक बसतात आणि भाडं अर्धं होतं. यंदा आम्ही तसंच करतोय, आमची फियाट आणि पिंपरीच्या एका मित्राची पद्मिनी.

गाडी कुणाच्याही हाती द्यायची असो, एक पुठ्ठा स्टिअरिंगला बांधून द्या. आमच्या पुठ्ठ्यावर मोठ्या हिंदी अक्षरांत लिहिलंय: चोक अर्धा ओढा, सुरू झाल्यावर लगेच आत ढकला, ॲक्सिलरेटर पंप करू नका, दार पुढून उघडतं, ओढू नका. खाली गिअरचं चित्र, आणि त्याखाली माझा नंबर, 'रात्री-बेरात्री कधीही' असं लिहून.