आरसी कारचे टायर: साबणपाणी की अल्कोहोल?

जळगाव-धुळ्याकडच्या काळ्या मातीत आरसी (रिमोटवर चालणारी छोटी) कार पळवली की टायरच्या खाचा गच्च भरतात. त्या साबणपाण्याने धुवाव्यात की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसाव्यात?

खर्चात साबणपाणी सरळ जिंकतं: अर्धी बादली पाणी, शाम्पूची एक पुडी, जुना टूथब्रश. अल्कोहोल महाग, शिवाय झाकण सैल राहिलं की उडून जातं.

धोका मात्र पाण्यातच जास्त. टायरला किंवा रिमला हवेची बारीक भोकं असतात. तिथून पाणी आतल्या फोममध्ये शिरलं की चाक जड होतं, बॅलन्स जातो आणि वेगात गाडी थरथरते. म्हणून भोकांवर आधी टेप लावा. चाक बुडवू नका, ब्रशच ओला करा. त्याआधी माती पूर्ण वाळू द्या. वाळलेली काळी माती नुसत्या ब्रशने ढेकळासकट निघते, ओली असताना घासली तर रबरावर लिंपली जाते. धुतलेली चाकं सावलीत वाळवा, आपल्याकडच्या उन्हात नको.

चिखलावर अल्कोहोल वाया जातं. त्याचं खरं काम कार्पेट ट्रॅकवर, म्हणजे गालिचा अंथरलेल्या शर्यतीच्या ट्रॅकवर: तेलकट थर आणि ट्रॅक्शन कंपाउंड (पकड वाढवायला टायरला लावतात ते द्रव) कापडाच्या एका फेऱ्यात निघतं, टायर लगेच सुकतो. रोज चोळलं तर रबर कोरडं पडतं. वापरताना चार्जिंगची बॅटरी लांब ठेवा, ते पेट घेतं. अ‍ॅसिटोन असलेलं थिनर अजिबात नको. टायर-रिम जोडणारा सुपरग्लू त्यात सुटतो.

शेतात, मैदानात पळवत असाल तर ब्रश आणि साबणपाणी. कार्पेटवर दोन फेऱ्यांच्या मधे झटपट पुसायचं असेल तर अल्कोहोल.