१२८ दिवस, एक सॅक: नर्मदा परिक्रमेतल्या मुक्कामाच्या सामानाचा अनुभव

मार्चमध्ये ओंकारेश्वरला परिक्रमा पूर्ण झाली, कन्यापूजन झालं, कढईचा शिरा झाला, घरी येऊन आता सहा महिने होत आले आणि तेव्हापासून जो भेटतो तो एकच विचारतो, बूट कुठले घेतलेस? बुटांचं सांगते, पण खरं सांगू का, चालायची तयारी सगळेच करतात, रोज सकाळी सॅक लावून टेकडी चढतात, रात्री कशावर आणि कुठे झोपणार याचा विचार कोणी करत नाही. मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाई, दोघी पन्नाशीच्या पुढच्या, आमचंही तेच झालं.

तर बूट. एक नंबर मोठे घ्या, पाय सुजतात. माझ्या महागड्या ट्रेकिंग बुटाचा सोल शूलपाणीच्या झाडीतच तोंड वासून बसला, दोरीने बांधून राजपीपळ्यापर्यंत ओढला, तिथल्या मोच्याने शिवून दिला तो शेवटपर्यंत टिकला, वर पैसेही घेईना, नुसतं नर्मदे हर म्हणाला. जाऊबाई साध्या सँडलवर सगळं चालल्या. विषय संपला.

सॅक ४५ लिटरची, निघताना ११ किलो भरली होती. नदी १३१२ किलोमीटर, दोन्ही तीर धरले की अडीच हजाराच्या वर, त्यात धरणांच्या पाण्यामुळे जुनी वाट बुडालीय तिथे वळसे वेगळेच. बडवानीला पोचेस्तोवर खांदे गेले होते, तिथून स्टोव्ह, पातेलं, दुसरा स्वेटर, सगळं कुरियरने घरी पाठवलं. स्टोव्ह कशाला घेतला होता देव जाणे, सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींना मिळणाऱ्या फुकट शिध्यात, आटा-डाळ मिळाली तरी चूल-भांडी बहुतेक आश्रमात मिळतात. त्यानंतर साडेसहा किलोवर कधी जाऊ दिलं नाही. कमरेच्या पट्ट्याचं बक्कल दीड महिन्यात तुटलं, बाकी तक्रार नाही.

आता मुक्काम. इथे बुकिंग वगैरे काही नसतं. संध्याकाळी गावात शिरलात की कोणीतरी म्हणतं, मैयाजी, आसन लगा लो. ते आसन कधी आश्रमाच्या हॉलमध्ये गादीवर, कधी देवळाच्या सभामंडपात, कधी पंचायतीच्या खोलीत, कधी शाळेच्या व्हरांड्यात. एका ठिकाणी दोघीच बायका, बरोबर पुरुष नाही म्हणून आत घेईनात, अंधार पडलेला, शेवटी गावातल्या एका मास्तरांनी शाळा उघडून दिली आणि त्यांच्या घरून टिक्कड आणि वांग्याची भाजी आली. ती रात्र नुसत्या फरशीवर काढली. तेव्हा कळलं, थंडी वरून येते त्याच्या दुप्पट खालून येते. मॅट न्याच. मी मग योगा मॅट खांद्यापासून मांडीपर्यंतच्या मापाची कापून घेतली, पायाखाली रिकामी सॅक ठेवायची, चालतं.

स्लीपिंग बॅगवर ५ डिग्री लिहिलं होतं. गुजरातेत डिसेंबरात उकडून मेले, तिची उशीच केली, पण जानेवारीत उत्तर तटावर नदीकाठी मुक्काम पडले तेव्हा तीच कामाला आली. ॲव्हरेज. चेन अडकते. खरी कमाल जाऊबाईंची, त्यांनी निघायच्या आधी जुन्या सुती साडीची लांब खोळ शिवली होती, पिशवीसारखी, आत शिरायचं आणि वरून आश्रमाची रजाई घ्यायची. त्या रजयांनी किती परिक्रमावासी बघितलेत कोण जाणे, धुणार तरी किती वेळा बिचारे, फुकटात करतायत सगळं. खोळीमुळे रजाई अंगाला लागत नाही आणि रोज धुतली तरी तासाभरात वाळते. मी हसले होते त्यांना शिवताना. विमलेश्वरला, नदी समुद्राला मिळते तिथे, भरतीची वाट बघत गर्दीत पडून होतो, समुद्रातून पलीकडे मिठी तलाईला नेणारी नाव भरती आल्याशिवाय सुटत नाही, तिथे रजया संपल्या, स्लीपिंग बॅगेत उकडत होतं आणि एका खोळीवर दोघींचं भागेना, तर दुसऱ्या तीरावर भरूचला पोचल्या पोचल्या त्यांच्याकडूनच माझ्यासाठी एक शिवून घेतली.

पॉवर बँक २०००० एमएएचची न्या, जड आहे पण हॉलमध्ये बोर्ड एक आणि फोन तीस. त्यातही तीन पिनांचा छोटा मल्टीप्लग नेलात तर लगेच चार ओळखी होतात. कानात घालायचे बोळे विसरू नका, लोक घोरतात (घरचेसुद्धा), आणि पहाटे चारला आरती, घंटा, चुलीचा धूर. डोक्याला लावायची बॅटरी हवीच, संडास असले तरी लांब असतात आणि बादली आपणच भरून न्यायची. साबणाची मोठी वडी नेऊ नका, नर्मदामैयाच्या पाण्यात साबण लावायचा नाही, कपडे हापशावर धुवायचे.

सॅक बक्कल बदलून माळ्यावर ठेवलीय, देवउठनीनंतर (कार्तिकी एकादशी) कोणी निघणार असेल तर खुशाल घेऊन जा, स्लीपिंग बॅगसुद्धा. खोळ देणार नाही, ती अजून रोज वापरतेय.