पर्माफ्रॉस्टवर जीएनएसएस: मे ते जानेवारीचा अनुभव

अलास्कात फेअरबँक्सजवळ उत्तरेकडच्या उतारांवर, काळ्या स्प्रूसच्या रानाखाली, जमीन कायम गोठलेली असते. हाच पर्माफ्रॉस्ट. ती किती खचते हे मोजायला मे महिन्यापासून दोन जीएनएसएस रिसीव्हर चालवतोय, म्हणजे जीपीएससारख्या उपग्रहांवरून स्थान मोजणारे, दोन फ्रिक्वेन्सी पकडणारे.

रिसीव्हर कोणता घ्यायचा यावर डोकं खपवण्याआधी अँटेनाचा खांब कुठवर गाडायचा ते ठरवा. खांब खोल पर्माफ्रॉस्टमध्ये रोवला, तर उन्हाळ्यात वरचा थर वितळून खचतो आणि अँटेना मात्र जागच्या जागी राहते. डेटा बघून वाटतं, काही हललंच नाही. उथळ रोवला, तर हिवाळ्यात गोठून फुगणारी माती तो दरवर्षी थोडा थोडा उपटते. म्हणून एक अँटेना खोल पाइपवर आहे, दुसरी शेवाळ बाजूला करून मातीवर टेकवलेल्या रुंद प्लेटवर. दोघींच्या उंचीतला फरक म्हणजे जमिनीची हालचाल. जूनपासून प्लेट खाली जात राहिली, सप्टेंबरअखेर थांबली आणि गोठण सुरू झाल्यावर वर येऊ लागली. तो आलेख पडद्यावर उमटताना बघून फार आनंद झाला.

अलास्काच्याच उत्तर टोकाला उत्कियाग्विकला तर खोल रोवलेल्या एकाच स्थानकावरून संशोधकांनी जमिनीचं खचणं मोजलंय, तेही जमिनीवर आपटून अँटेनाकडे येणाऱ्या सिग्नलवरून. एरवी हा सिग्नल आपण त्रास म्हणून गाळतो!

अँटेना जवळजवळ असल्याने फरक आरटीकेलिब या मोफत सॉफ्टवेअरमध्ये छान निघतो. एकेका अँटेनाच्या स्वतंत्र स्थानासाठी कॅनडा सरकारची सीएसआरएस-पीपीपी ही मोफत ऑनलाइन सेवा वापरतो. उंची नेहमीच आडव्या स्थानापेक्षा कच्ची येते. जीपीएसच्या कक्षा ५५ अंशांनी कललेल्या, त्यामुळे इथे ६५ अक्षांशावर उत्तरेचं आकाश रिकामं राहतं. रशियाचे ग्लोनास उपग्रहही चालू ठेवाच, त्यांच्या कक्षा जास्त कललेल्या आहेत.

हिवाळा मात्र कठीण. डिसेंबरात दिवस चार तासांहूनही लहान, सोलर पॅनेलचा उपयोग शून्य. लिथियम-आयन बॅटरी शून्याखाली चार्ज करायची नाही. मी न चार्ज होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या लावून रोज थोडेच तास नोंदी घेतो. साध्या पीव्हीसी आवरणाची केबल कडाक्याच्या थंडीत हलवताच कडकन चिरली, सिलिकॉनचीच घ्या. अँटेनावर हिम साचलं की उंची चुकीची येते, तेवढे दिवस मी वगळतो.

अख्खा उतार बघायचा असेल तर युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहांच्या रडार प्रतिमा लागतील. पण हिम आणि ओलाव्यामुळे वेगवेगळ्या दिवशीच्या प्रतिमांचा एकमेकींशी मेळ बिघडतो, तेव्हा पडताळ्यासाठी असा एक बिंदू जमिनीवर हवाच.